डोरोथीला जकात माफ

हॉलिंगडेन, केंट
२० ऑगस्ट २०२३

बेरिल,

तुझ्याकडचे भाजलेले बटाटे अजून पोटात शाबूत आहेत, तोवरच लिहायला बसलोय. फोन करणार होतो. पण माझं कानातलं यंत्र फोनवर शिट्ट्या मारतं आणि तू हल्ली बोलता बोलता मध्येच गप्प होतेस. मग रागावलीस की फोन ठेवलास, हे मला शेवटपर्यंत कळत नाही. पत्र बरं. पत्रात तुला मध्ये तोंड घालता येत नाही.

तर मुद्दा असा की एकोणतीस तारखेपासून तुझं लंडन सोवळं नेसतंय. माझी डिझेल गाडी हद्दीच्या आत शिरली की दिवसाला साडेबारा पौंड धुराची जकात. हद्द कुठे, तर आमच्या गावाबाहेरच्या घोड्यांच्या तबेल्यापाशी. तबेल्याच्या अलीकडची हवा केंटची, तिचं काही का होईना. पलीकडची लंडनची, तिला माझ्या गाडीची दृष्ट लागते. घोडे हद्दीच्या दोन्ही बाजूंना पादतात, त्यांना कुणी विचारत नाही. खांबावर कॅमेरा बसवलाय आणि पबमधली मंडळी रोज संध्याकाळी त्याला सलाम ठोकायला जातात.

समोरच्या बंगल्यातला वकील एकट्या कुत्र्याला फिरवायला हत्तीएवढी गाडी काढतो. ती नवी, म्हणून फुकट. माझी जुनी, म्हणून मी पापी. चोर सोडून संन्याशाला फाशी म्हणतात ते हेच.

माझी मेविस गेल्यापासून दर रविवारी तुझ्याकडे जेवतोय. आता सख्ख्या बहिणीच्या घरचं कोंबडं खायला सरकारला खंडणी द्यायची? मी नाही देणार. हा पैशांचा प्रश्न नाही, तत्त्वाचा आहे. (थोडा पैशांचाही आहे.)

तेव्हा तोडगा असा: आमच्या इथला 'लंगडा कोल्हा' पब हद्दीच्या बाहेर आहे. रविवारचं जेवण तिथे करू. तू बसने ये, पास फुकट आहे तुझा. सव्वीस वर्षं शाळेसमोर 'थांबा'ची गोल पाटी धरून उभी राहिलीस, सगळ्या गावाच्या गाड्या थांबवल्यास. आता एक बस थांबवायला काय जड आहे?

तुझा,
नॉर्मन

ता.क. आज जिना चढताना मधल्या पायरीवर बसून राहिलीस, ती भिंतीवरचे फोटो बघायला म्हणालीस. तिथे फोटो नाहीत. म्हातारी झालीस, कबूल कर.

४१, मिलफील्ड रोड, ऑर्पिंग्टन
२५ ऑगस्ट २०२३

तत्त्वनिष्ठ नॉर्मन यांस,

तुझ्याकडे तत्त्वं आहेत हे कळून आनंद झाला. त्र्याहत्तर वर्षं कुठे जपून ठेवली होतीस? मेविसच्या आईच्या मयताला न जाता तू फुटबॉल बघत बसलास, तेव्हा फार शोधली होती आम्ही.

ही जकात बसावी म्हणून मी सह्या गोळा केल्या, हे तुला ठाऊक आहे. खिडकीत फलकही लावलाय. तुझ्या पबमधल्या शूरवीरांना सांग, दगड मारायला या, चहा ठेवते. धूर नेमका कुठल्या उंचीवर सुटतो, माहीत आहे? सात वर्षांच्या पोराच्या तोंडाशी, आणि खाली वाकून त्याच्या बुटाची नाडी बांधणाऱ्या बाईच्या तोंडाशी. तो तुझ्यासारख्या उंच माणसाच्या नाकापर्यंत पोचतच नाही. म्हणून तुम्हा उंच लोकांना हवा नेहमी छानच वाटते.

वकिलाच्या हत्तीबद्दल मात्र तू म्हणतोस ते खरं आहे. तुझ्या पत्रात एक खरं वाक्य सापडलं, म्हणून नोंद घेतली.

पबला मी येणार नाही. बसथांब्याच्या चढाचं आणि माझं हल्ली पटत नाही. शिवाय लंगड्या कोल्ह्याचं कोंबडं मी खाल्लंय. कोल्हा लंगडा का झाला ते तेव्हा कळलं. त्याने तिथलंच खाल्लं असणार.

रविवारी दोन माणसांचंच रांधणार आहे. सवय आहे, जात नाही. तुझ्या खुर्चीत शेजारच्या आबेनाचं मांजर बसतं. ते तुझ्याहून नीट जेवतं आणि राजकारण बोलत नाही.

बेरिल

ता.क. पाटी अजून माझ्या दारामागे आहे, पण ती मी चोरली नव्हती. निवृत्त झाले तेव्हा परत मागायला कुणी आलं नाही. तुझं बरोबर आहे, जिन्यात फोटो नाहीत. लावीन म्हणते.

हॉलिंगडेन
३ ऑक्टोबर २०२३

बेरिल,

पाच रविवार लंगड्या कोल्ह्याकडे जेवलो. पुडिंग म्हणून जे देतात त्याला टाच लावली तर पायात घालता येईल. हे मी तुझं कौतुक म्हणून लिहीत नाही, फक्त तक्रार करतोय.

पण आता ऐक. तुझ्या त्या पवित्र नियमावलीत एक रत्न दडलंय. चाळीस वर्षांपुढची गाडी असेल, आणि तशी सरकारदरबारी नोंद असेल, तर जकात माफ! म्हणजे माझी अकरा वर्षांची गाडी हवेला घातक, आणि पन्नास वर्षांची, रेल्वेच्या इंजिनासारखी धूर सोडणारी गाडी म्हणजे देशाचा वारसा. असा न्याय करायला फार शिकलेली माणसं लागतात.

मग मीही वारसा जपायचं ठरवलं. डिझेलची विकली आणि जुन्या गाड्यांच्या क्लबातल्या लेनर्ड स्पिंककडून १९७१ सालची घेतली. फिकट हिरवी, मागे लाकडी चौकट. चौकटीवर खरोखरचं शेवाळं येतं, दर वसंतात दात घासायच्या ब्रशने काढावं लागतं. नाव डोरोथी. लेनर्डच्या आजीचं नाव, बदललं तर ती रुसते म्हणे. (गाडी. आजी गेली.) पोस्टात जाऊन कागद करून आणले. काउंटरवरची बाई म्हणाली, "अभिनंदन, ही आता ऐतिहासिक आहे." मी विचारलं, "माझीही नोंद होईल का?" हसली नाही.

रविवारी, आठ तारखेला, एक वाजता येतोय. कॅमेऱ्यासमोर थांबून टोपी काढणार आहे. मांजराला खुर्चीतून उठव.

नॉर्मन

हॉलिंगडेन
१० ऑक्टोबर २०२३

बेरिल,

आईने लावलेली शिस्त म्हणून हे आभाराचं पत्र. जेवण उत्तम होतं. रस्सा जरा पातळ होता, पण तू सारखी उठून खिडक्या लावायला जात होतीस, तर तो दाट व्हायला कुणी ढवळायचा?

बाहेर एवढं ऊन पडलं होतं, ऑक्टोबरात असं ऊन कधी मिळतं? आणि तू घर बंद करून बसलीस. मी समजलो. डोरोथी. अगं, तिचं इंजिन बंद केलं आणि थंड झालं, की पुन्हा सुरू व्हायला लेनर्डच लागतो. म्हणून जेवण होईपर्यंत चालू ठेवली. रस्त्यावर चालती गाडी सोडून जाणं गुन्हा आहे, म्हणून मुद्दाम तुझ्या खिडकीखालीच लावली आणि खिडकीपाशी बसून तिच्यावर नजर ठेवली. कायदा पाळला तरी तुझं तोंड वाकडंच.

तुझा डेलिया काळवंडला, त्याबद्दल दिलगीर आहे. आबेनाची वाळत घातलेली चादरही. पण तू पुडिंगही न खाता "आता नीघ, अंधार होईल" म्हणालीस. दुपारी अडीच वाजता!

आणि बैठकीत पलंग कशाला टाकलास? वरच्या खोलीत भाडेकरू ठेवणार असलीस तर सख्ख्या भावाला आधी सांगायचं असतं. पलंगाजवळचं ते गुरगुरणारं, टेबलक्लॉथ पांघरून वर कुंडी ठेवलेलं यंत्र काय आहे? घरी बिअर गाळत असशील तर रविवारी चाखायला आवडेल.

नॉर्मन

हॉलिंगडेन
२५ ऑक्टोबर २०२३

बेरिल,

पंधरा दिवस झाले, उत्तर नाही. रविवारी येऊन दार वाजवलं, ते मांजराशिवाय कुणी ऐकलं नाही. आबेनाही घरी नव्हती. समजलो. एका डेलियापायी एवढा रुसवा! लहानपणी मी तुझ्या बाहुलीचे केस कापले, तेव्हाही महिनाभर अबोला धरला होतास, आणि तेव्हा निदान तू नऊ वर्षांची होतीस.

डेलियाचे नवे कंद पाठवतोय, तीन. लाल आहेत, असं दुकानदार म्हणतो. तुझी खिडकीतली चळवळ थकली असेल तर कळव, मी चालवतो. आता मीही लंडनच्या हवेचा लाभार्थी आहे.

रागावली असशील तर रागावल्याचं लिही. कोरं पाकीट पाठवलंस तरी चालेल.

नॉर्मन

रुग्णालय, वॉर्ड सातवा, खाट खिडकीजवळची
२ नोव्हेंबर २०२३

नॉर्मन,

तुझी दोन्ही पत्रं आबेनाने आज आणून दिली. कंद तिच्याकडे आहेत. हे पत्र तीच पेटीत टाकेल. तुला कळवायचं नाही असं मी तिला बजावलं होतं, तिच्यावर तोंड टाकू नकोस.

आधी भाडेकरूचं. भाडेकरू नाही. मला जिना चढवत नाही म्हणून पलंग खाली आला. ते यंत्र बिअर गाळत नाही, मला प्राणवायू देतं. फुप्फुसं गेली आहेत माझी. गेल्या वर्षीच्या वसंतापासून ठाऊक आहे. मी आयुष्यात एक सिगारेट ओढली नाही. डॉक्टरने विचारलं, "काम काय करायचात?" म्हटलं, "रस्त्याच्या मध्यभागी उभी राहायची." त्याने मान हलवली आणि कागदावर काहीतरी लिहिलं.

तू गेलास त्या रात्री आबेनाने रुग्णवाहिका बोलावली. तुझ्यामुळे असं झालं असं डॉक्टर म्हणत नाहीत. तुझ्यामुळे नाही झालं, असंही म्हणत नाहीत. फार शिकलेली माणसं आहेत ती.

आता तू म्हणशील, आधी का नाही सांगितलंस? सांगते. हल्ली सगळे माझ्याशी हळू आवाजात बोलतात. नर्स बोलते, पाद्री बोलतो, दूधवाल्यालासुद्धा कुणीतरी सांगितलं, तोही आता कुजबुजतो. आठवड्यातून एक माणूस यायचा, जो पोटभर खायचा, रश्शाला नावं ठेवायचा आणि मला म्हातारी म्हणायचा. ती दुपार मला घालवायची नव्हती. तुझी गाडी हद्दीबाहेर अडकली तेव्हा मी तुला 'मग तूच बसने ये' म्हटलं नाही, आणि तू डोरोथी घेऊन आलास तेव्हा इंजिन बंद कर असंही म्हटलं नाही. म्हटलं असतं तर 'का' सांगावं लागलं असतं. तेव्हा मूर्खपणाचं बक्षीस दोघांत वाटून घेऊ.

दया करायला येणार असलास तर येऊ नकोस.

बेरिल

हॉलिंगडेन
४ नोव्हेंबर, सकाळ

बेरिल,

येतोय. बसने.

नॉर्मन

रुग्णालय
९ नोव्हेंबर २०२३

नॉर्मन,

शनिवारी तू दोन तास खाटेशेजारी बसलास. द्राक्षं आणलीस, टोपी हातात धरलीस आणि एकही टोमणा मारला नाहीस. मी डॉक्टरला विचारलं, "मी मेले का? खरं सांगा." निघताना तू माझा हात धरलास तेव्हा तर माझी खात्रीच पटली.

हे असंच चालणार असेल तर मला तो जुना भाऊ परत पाठव. त्याच्या खुर्चीची जागा मी राखून ठेवली आहे.

द्राक्षं आंबट होती.

बेरिल

हॉलिंगडेन
१३ नोव्हेंबर २०२३

बेरिल,

द्राक्षं आंबट होती कारण ती तुझ्यासाठी घेतली होती.

बरं वाटलं? आता मला वाटतं ते एकदाच लिहितो, मग पुन्हा विषय नाही. मी तुझ्या खिडकीखाली धूर सोडत बसलो आणि वर कायदा पाळला म्हणून मिशीला पीळ दिला. झोपायला गेलो की ते आठवतं. मला फार वाईट वाटतं, बेरिल. तू नसलीस तर या जगात मला मूर्ख म्हणायचा अधिकार कुणालाच उरत नाही, आणि म्हणणारे तर भरपूर आहेत.

डोरोथी लेनर्डला परत दिली. म्हणाला, "वारसा असा परत करतात का?" म्हटलं, माझा वारसा सातव्या वॉर्डात आहे.

बसचा हिशोब सांगतो. हॉलिंगडेनहून एक बस, मग दुसरी, मग तिसरी. रविवारी पहिली बस दहाला, आणि येते तीही चर्चमधल्या म्हाताऱ्यांसारखी, मनात आलं तर. तू घरी आलीस की दर रविवारी जेवायला येईन, पण चहाच्या वेळेला पोचेन. आणि शेवटची बस धरायला चहा अर्धवट टाकून पळेन. कोंबडं डब्यात बांधून दे.

नॉर्मन

४१, मिलफील्ड रोड
२८ नोव्हेंबर २०२३

नॉर्मन,

घरी आले. मांजराने नाक मुरडून स्वागत केलं.

डबा बांधणार नाही. मी काय खाणावळ चालवते? त्यापेक्षा वरची खोली रिकामी आहे. खिडकी बागेकडे आहे, रस्त्याकडे नाही. पलंगाच्या फळ्या करकरतात, पण तुला कुठे ऐकू येतंय? मी वर येऊन तुझ्या पसाऱ्याला नावं ठेवीन ही भीती नको. मी जिने चढत नाही.

अटी आहेत. खिडकीतला फलक काढायचा नाही. हळू आवाजात बोलायचं नाही. रस्सा तू ढवळायचा.

उपकार म्हणून येत असलास तर तिकडेच राहा. मला सांभाळायला माणूस नको आहे, भाऊ हवा आहे.

बेरिल

हॉलिंगडेन
१ डिसेंबर २०२३

बेरिल,

लंडनकर होणार मी! बापाने ऐकलं असतं तर थडग्यात कूस बदलली असती. लंगड्या कोल्ह्यात सांगितलं तेव्हा सगळ्यांनी खुर्च्या अशा मागे सरकवल्या की जणू मी शत्रूच्या सैन्यात भरती होतोय. लेनर्ड तर म्हणाला, "भेटायला येईन, डोरोथीला तर जकात नाही."

फलक राहू दे. पण त्यातली स्पेलिंगची चूक मी दुरुस्त करणार.

शनिवारी पोचतो. दोन पेट्या आहेत. मांजराला सांग, खुर्चीचा प्रश्न कायमचा मिटवायचा आहे.

नॉर्मन

जिन्याची तळची पायरी
१७ मार्च, रविवार

वरच्या मजल्यावरचे साहेब,

तुला हाका मारायला माझ्यात दम नाही आणि मारल्या तरी तुझ्या कानात शिरत नाहीत, म्हणून पुन्हा पत्रव्यवहार. एकाच घरात पोस्टाचा खर्च वाचतो, तेवढं बरं. चहाला जाताना उचलशील.

आज दुपारी तुला वाटलं मी झोपलेय. झोपले नव्हते. लेनर्डची डोरोथी आपल्या खिडकीखाली येऊन थांबली, निळा धूर सोडत, ते मी पाहिलं. मी खिडकीकडे हात नेते न नेते तोच तू जिना उतरलास, दारामागची माझी 'थांबा'ची पाटी उचललीस आणि चपलांवरच रस्त्याच्या मध्यभागी जाऊन उभा राहिलास. पाटी उलटी धरली होतीस. पण उभा बरोबर राहिलास, पाय जरा फाकवून. असंच उभं राहतात.

लेनर्ड म्हणत होता, "बंद केली तर सुरू होणार नाही रे!" आणि तू अख्ख्या रस्त्याला ऐकू जाईल असा ओरडलास, "मग ढकलू!" मग तुम्ही दोघे म्हातारे तो देशाचा वारसा ढकलत कोपऱ्यापर्यंत गेलात. आबेना मागून हसत होती. तुझी एक चप्पल रस्त्यातच राहिली, मांजराने आणून ठेवली आहे.

मी खिडकी उघडली. बराच वेळ उघडी ठेवली.

लाल डेलियाला कोंब आलेत. दुकानदार खोटं बोलला नसेल तर ऑगस्टमध्ये कळेल रंग कोणता ते. तोवर असेन असं डॉक्टरने लिहून दिलेलं नाही, पण तू पाटी सुलट धरायला शिकेपर्यंत थांबायचं ठरवलंय.

रस्सा आज दाट झाला होता. छान.

बेरिल